डोंगरउतारावरची डिस्क गोल्फ: सांताक्रूझची फजिती आणि मानपूरजवळच्या नऊ टोपल्या

माळवी_म्हातारा | शनिवार, सकाळी ७:४०

मंडळी, रामराम.

लेकीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला दोन महिने राहून इंदूरला परत आलो त्याला तीन आठवडे झाले. दिवाळी तिकडेच झाली. आल्या आल्या पोहे-जिलबीची थकबाकी वसूल केली, जीरावणाची पुडी संपवली, आता मुद्द्यावर येतो. जावयाने तिथे मला एक नाद लावला आणि तो नाद सामानातून इथवर आलाय. खेळाचं नाव डिस्क गोल्फ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा गोल्फच, फक्त काठी-चेंडू नाही. हातात नाश्त्याच्या ताटलीएवढी प्लास्टिकची चकती, व्यास साधारण २१ सेंटिमीटर, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. ठरलेल्या ओट्यावरून (त्याला टी म्हणतात) फेकायची, पडेल तिथे जाऊन तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी खांबावर साखळ्या लटकवलेल्या टोपलीत घालायची. कमी फेकीत जो घालेल तो जिंकला. भोक कुठेच नसतं, तरी होलच म्हणतात. लहानपणी डब्याच्या झाकणाने जे केलं तेच, पण आता मोजून करायचं.

जावयाने पहिल्याच दिवशी नेलं ते तिकडच्या सांताक्रूझ गावातल्या डेलाव्हेगा कोर्सला, म्हणजे ह्या खेळाच्या मैदानाला. पोहायला शिकवायचं म्हणून एखाद्याला ओंकारेश्वरच्या पात्रात ढकलावं तसा प्रकार. सॅन होजेहून हायवे १७ ने डोंगर ओलांडून जायचं, रस्ता आपल्या भेरूघाटासारखा वळणावळणाचा. हा कोर्स १९८४ पासूनचा आहे. सगळा डोंगर, सगळे ओक, पायाखाली वाळलेली पानं, आणि सपाट म्हणावी अशी जागा फक्त गाडी लावायची.

जावयाने सुरुवातीलाच सांगितलं, बाबा, ते तीन-तीन पानांचं झुडूप दिसतंय ना, त्याला हात लावायचा नाही. पॉयझन ओक. अंगाला लागलं की पुरळ आणि आठवडाभर खाज. पळसाला पानं तीनच हे आपण जन्मभर ऐकत आलो, पण ह्या तिघांनी माझी पाचावर धारण बसवली. शरदात ती पानं लालबुंद होतात, फार सुंदर दिसतात, आणि आपली चकती नेमकी त्यांच्यातच जाते.

आता खरी गंमत. तिसऱ्या की चौथ्या टोपलीजवळ मी फेकलेली चकती साखळ्यांना चाटून पलीकडे गेली, काठावर टेकली, उभी राहिली आणि चाकासारखी उतरायला लागली. मी बघतोय, जावई बघतोय, चकती निवांत चाललीय. पन्नास पावलं खाली जाऊन एका झाडाच्या मुळाशी लवंडली. टोपली हाताच्या अंतरावर होती, आता पुन्हा डोंगर चढा. मागचा एक गोरा आजोबा हसून म्हणाला, "यू गॉट डेलाड!" त्या गावात ह्यासाठी क्रियापदच आहे. त्या दिवशी मी सहा वेळा डेलावलो.

२७ नंबरचं होल तिथलं मानाचं. नाव ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’. माथ्यावरच्या ओट्यावर उभं राहिलं की खाली झाडांची दरी, टोपली म्हणजे टाचणीचं डोकं, आणि लांब माँटेरेच्या उपसागराची निळी पट्टी. मी अंगातलं सगळं बळ लावून सरळ टोपलीवर नेम धरून फेकली. काय गेली म्हणून सांगू! मला वाटलं पॅसिफिकलाच लागते आता. पण शेवटी डावीकडे वळली ती वळतच गेली, आणि झाडीत दिसेनाशी. शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटं तर मला त्या उतारावर पाय रोवायलाच लागली. चकती गेली ती गेलीच, एक फेक दंड, आणि पुन्हा वर.

परतताना जावई म्हणाला ते डोक्यात बसलं: "बाबा, तुम्ही कुठे पोचायचं ते बघता. डोंगरावर आधी ती कुठे थांबेल ते बघायचं." दुसऱ्या खेपेला मी लांब जाणारी ड्रायव्हर चकती पिशवीतून काढलीच नाही. सगळीकडे बोथट काठाची, हळू जाणारी पटर. फेकी लहान, चालणं कमी, आणि आधीच्यापेक्षा अकरा फेकी वाचल्या.

आता बेत. मानपूरच्या अलीकडे, जानापावच्या बाजूला, एका मित्राची चार एकर बरड जमीन आहे. मुरमाड उतार, पळस, सीताफळ, थोडा साग, आणि खाली निमाड उघडा पडलेला. पीक काही येत नाही. त्याने ‘काय ते कर’ म्हणून सांगितलंय. नऊ टोपल्या लावाव्यात असं मनात आहे. टोपली कोणी बनवून देईल? उतारावर होल कशी आखावीत? आणि एकसष्टाव्या वर्षी हे करावं का, हा प्रश्न घरातून आलाय, तोही इथे टाकतो.

रामबागची_चिमणी | शनिवार, ८:१५

काका, हसून हसून पुरेवाट. "डेलावलो" आजपासून आमच्या घरात रूढ. सकाळीच दूध उतू गेलं, मी म्हटलं डेलावलं.

पण सी. के. नायडूंच्या गावात, चार वेळा रणजी जिंकलेल्या होळकर संघाच्या गावात, तुम्ही ताटल्या फेकणार? आजोबा असते तर बोलले नसते तुमच्याशी. (मला मात्र एक फेकून बघायचीय.)

चाक_आणि_काठ | शनिवार, ९:०२

धागा आवडला. मी अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे २७ नंबरच्या होलचं शवविच्छेदन केल्याशिवाय चैन पडणार नाही.

उजव्या हाताच्या माणसाने बॅकहँड फेकली (पत्ते वाटताना हात जातो तसा) की चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग आहे तोवर ती सरळ जाते, काही चकत्या किंचित उजवीकडे झुकतात. वेग संपत आला की हमखास डावीकडे कलते. ह्या शेवटच्या कलण्याला फेड म्हणतात. तुमच्या चकत्यांवर चार आकडे असतील बघा: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. चौथा आकडा मोठा तेवढी ती शेवटी जास्त डावीकडे पळणार.

सपाट मैदानावर फेड थोडाच वेळ दिसतो, कारण लगेच जमीन येते. डोंगरावरून खाली फेकलीत तर जमीनच येत नाही. वेग संपलेला, चकती अजून हवेत, आणि डावीकडे कलणं चालूच. तेव्हा काका, तुमचा हात वाकडा नव्हता. नेम टोपलीवर धरलात हे चुकलं. चांगला उजवीकडे धरायचा, चकती कमी उंचीने सोडायची, नाक (म्हणजे तिचा पुढचा काठ) खाली ठेवून. नाक वर राहिलं तर ती हवेत उभी राहते आणि मग वाटेल तिकडे.

चढावर उलट. वेग लवकर मरतो, म्हणून फेडही लवकर. शिवाय आपण खांदा वर नेऊन नाक उचलतो, ती वर जाऊन पुन्हा आपल्याच पायाशी येते.

घरंगळण्याबद्दल: चकती पोटावर टेकली तर घसरून थांबते. काठावर टेकली तर ती चाकच आहे, उतार तिला थांबवणार कशाला? म्हणून टोपलीजवळ खालून, सपाट, जमिनीलगत. वरून घिरट्या घेत येणारी फेक दिसायला देखणी, पण ती पडते काठावर.

डेनव्हर_ते_देवास | शनिवार, रात्री ९:४८

माहेर देवासचं, मुक्काम डेनव्हर. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे कॉनिफर गावाला बीव्हर रँच नावाचा कोर्स आहे. पाइनची झाडं, ग्रॅनाइटचे धोंडे, उंची अडीच हजार मीटरच्या घरात. इंदूर साडेपाचशे मीटर असेल. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या नेहमीच्या सगळ्या चकत्या बिघडल्यासारख्या वागत होत्या. जी सरळ जायची ती डावीकडे पडायची, जी तरंगायची ती तरंगेना. हवा विरळ, आधार कमी. तिथले लोक अशा वेळी हलकी आणि उजवीकडे झुकणारी चकती घेतात, मग ती सरळ जाते. मानपूरला एवढा फरक पडायचा नाही, काळजी नसावी. धाप मात्र तिथेही लागेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उन्हाळ्यात आमच्याकडे डोंगरावर दुपारी ढग जमतात आणि कडाडतात. उघड्या धारेवर लोखंडी खांबाशेजारी उभं राहायची ती वेळ नाही. आम्ही सकाळी सहाला सुरू करून बाराच्या आत खाली. मृगाच्या आगेमागे तुमच्याकडेही तसंच असतं, तेव्हा हा नियम आधीच फळ्यावर लिहून ठेवा.

तिसरं, कौतुकाचं. २०२१ ची जागतिक स्पर्धा युटातल्या ऑग्डेनला झाली. शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड एका फेकीने मागे होता. त्याने २४७ फुटांवरून टाकलेली थेट साखळ्यांत. बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये त्याने पॉल मॅकबेथला हरवलं. व्हिडिओ शोधून बघा, मी आजही बघते तेव्हा अंगावर काटा येतो.

स्पष्ट_सांगतो | रविवार, सकाळी ६:३०

सगळे टाळ्या वाजवताहेत, मी विरजण घालतो.

इंदूरच्या आसपास जो उंचवटा दिसेल त्यावर कुणी ना कुणी काहीतरी लावतंच. रालामंडल अभयारण्य आहे म्हणून वाचलं. पितृ पर्वतावर लोकांनी वाडवडलांच्या नावाने झाडं लावली आणि आता तिथे रविवारी पाय ठेवायला जागा नाही. जानापावला चंबळेचा उगम, परशुरामाचं जन्मस्थान, त्यामुळे गर्दी आहेच. उरलेल्या बरड जमिनीवर तरी मुंगसं आणि तितर राहू देत की.

चकती झाडाला लागते तेव्हा सालीला जखम होते. एकाच जागी शंभर लागल्या तर पळस वाळेल. ओट्याजवळ आणि टोपलीजवळ माणसं नाचून गवत मरतं. पहिल्या पावसात तिथूनच मुरूम वाहायला लागतो. डोंगराला एकदा घळ पडली की तुमचा जावई येऊन बुजवणार आहे का?

माळवी_म्हातारा | रविवार, १०:१०

स्पष्ट_सांगतो, राग नाही. उलट बरं झालं, मी ह्या बाजूने विचारच केला नव्हता. डेलाव्हेगाला काही झाडांच्या बुंध्याला जाड दोर आणि लाकडी पट्ट्या गुंडाळलेल्या पाहिल्या होत्या, तेव्हा वाटलं शोभेसाठी असतील. आता उमगलं.

असं ठरवतो: एकही झाड तोडायचं नाही. ओट्यासमोर लगेच झाड येत असेल तर ओटा सरकवायचा, झाड नाही. टोपल्या काँक्रीटमध्ये गाडायच्याच नाहीत, महिन्या-दोन महिन्यांनी जागा बदलायची, म्हणजे गवताला दम घेता येईल. आषाढ ते भाद्रपद खेळ बंद.

रामबागची_चिमणी, नायडूंचा षटकार गावाबाहेर जायचा, माझी चकतीही जाते. परंपरा तीच.

पावागडी | रविवार, दुपारी १२:२५

बडोद्याहून +१. आमच्याकडे डोंगर म्हणावा असा पावागड. तिथे टोपलीचं नाव काढायची सोय नाही, २००४ पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसा आहे. त्यामुळे आम्ही चार-पाच जण सपाटीवरच फेकतो, तेही अल्टिमेटच्या (फ्रिस्बी झेलत खेळायचा सांघिक खेळ) १७५ ग्रॅमच्या फ्रिस्बीने.

एक सांगतो. फ्रिस्बी आणि ही चकती एक समजू नका. फ्रिस्बीचा काठ गोल आणि जाड, ती झेलायला केलेली. ह्यांच्या ड्रायव्हरचा काठ सुरीसारखा निमुळता, ती झेलायला गेलात तर बोटं जातील. १९८३ साली असा निमुळत्या काठाचा पहिला नमुना आला आणि खेळाची अंतरंच बदलली. तेव्हा काका, रविवारी पोरंटोरं येतील त्यांना ‘झेल रे’ म्हणू नका.

अवांतर: इंदूरच्या पोह्यांबद्दल एवढं बोलता, बडोद्याचं शेवउसळ कधी खाल्लंय?

रामबागची_चिमणी | रविवार, १२:४०

पावागडी, अवांतरावर वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडते.

लोहामंडीवाला | रविवार, रात्री ८:०५

टोपलीचं मी बघतो. फॅब्रिकेशनचं काम आहे आमचं. दोन दिवसांत एक नमुना केला, हकीकत अशी:

खांब दीड इंची जीआय पाइप. बूड म्हणून जुना टायर, आत सिमेंट ओतून मध्ये पाइपाला बाही. व्हॉलीबॉलचे खांब करतो तसंच. म्हणजे उचलून हलवता येईल, काकांची अट पाळली. वरच्या कड्याला सायकलची रिम, आरे काढून. खालच्या तबकासाठी आधी मोठी तगारी लावली, पण चकती तिच्यात आपटून उडायची आणि पाणी साचेल ते वेगळंच. मग सळईची जाळीदार टोपली वळली. तबकाची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटर, सहा सेंटिमीटर वर-खाली चालतं.

साखळीत फसलो. झोपाळ्याची जाड साखळी आणली, बारा पदर, वरून खाली ताणून बांधले. पहिली चकती टाकली, ठण्ण! परत माझ्याच अंगावर. भिंतीवर फेकल्यासारखी. मग पातळ साखळी घेतली, सैल सोडली, आत सहा पदरांचा दुसरा फेर, तो खांबाला जवळ. आता चकती आली की बाहेरचे पदर मागे सरकतात, आतले तिला धरतात, जोर मरतो आणि ती खाली तबकात बसते. आवाज पण बदलला. आधी ठण्ण होतं, आता छन्न येतं, पैंजण आपटल्यासारखं. पोरं त्या आवाजासाठीच रात्री दहापर्यंत दुकानासमोर फेकत बसली. एक चकती रस्त्यावर गेली ती सकाळी कचऱ्याच्या पिवळ्या गाडीवाल्याने परत आणून दिली, सुकं म्हणून.

जुनी_वही | सोमवार, सकाळी ७:५५

लोहामंडीवाले, तुम्ही दोन दिवसांत जे केलंत त्यामागे एका माणसाचं आयुष्य आहे. एड हेड्रिक. फ्रिस्बीला स्थिर उडवणाऱ्या वर्तुळाकार रेघांचं पेटंट त्याचं, १९६७ चं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला कॅन्याडा फ्लिंट्रिजच्या ओक ग्रोव्ह पार्कात त्याने पहिला कायमचा कोर्स आखला. तिथे आधी नुसते खांब होते, त्यामुळे लागली की नाही ह्यावरून वाद व्हायचे. म्हणून साखळ्या आणि टोपली आली. साखळी वाजली, चकती बसली, वाद मिटला. खेळाची संघटना पीडीजीए १९७६ ची, तीही त्याचीच.

२००२ मध्ये तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या काढल्या. आपल्याकडे नर्मदेत सोडतात, हा माणूस हवेत राहिला.

माळवी_म्हातारा | पुढचा सोमवार, सकाळी ७:२०

वृत्तांत. काल गेलो. सहा माणसं, दोन टोपल्या (दुसरी शनिवारी रात्री तयार झाली), थर्मास, आणि छप्पन दुकानहून घेतलेले पोहे, जे महू येईपर्यंत संपले.

पोचलो तेव्हा साडेसात. खाली निमाडात धुकं, वर ऊन. पहिली टोपली आम्ही मोठ्या हौसेने धारेच्या काठाशी लावली, कारण फोटो चांगला येतो. ओटा वर, साठ पावलांवर. चार जणांनी फेकल्या. दोन बरोबर टोपलीशी गेल्या, टेकल्या, उभ्या राहिल्या, आणि निमाडाकडे निघाल्या. एक नाल्यात घाणेरीच्या जाळीत सापडली, हाताला ओरखडे. दुसरी पिवळी होती. मार्गशीर्षातलं वाळलं गवत आणि पिवळी चकती! मोबाइलवर तीन मिनिटं लावून सहा माणसं रांगेत चालली, मिळाली नाही. जावयाने दिलेल्या चारांतली होती. त्याला अजून सांगितलेलं नाही.

तिथे शेळ्या घेऊन आलेले एक बाबा बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत होते. शेवटी माळवीत म्हणाले की तुमचं हे लोखंड शेळ्यांच्या वाटेवर आहे, आणि नऊनंतर खालून वारा चढतो, तेव्हा काय कराल? वाट दाखवली तर खरंच, गवतात एक वीतभर रुंद पट्टा, आम्हाला दिसलाच नव्हता. टोपली उचलून वीस पावलं आत आणली. टायरच्या बुडाचा पहिला फायदा.

आणि सव्वानऊला वारा आला. दरीकडे तोंड करून फेकलेली चकती वर उचलली जाऊन उजवीकडे पालथी व्हायला लागली. चाक_आणि_काठ, हे काय?

मग आम्ही फोटोचा नाद सोडला. टोपली एका खोलगट जागी, मागे चढ, पुढे उतार. ओटा खालच्या अंगाला. आता चुकली तरी मागच्या चढाला टेकून तिथेच बसते. हे कळल्यावर खेळ पालटला. वरून खाली शेवटची फेक टाकायची वेळच येऊ द्यायची नाही, टोपलीच्या खालच्या अंगाला येऊन थांबायचं, आणि तिथून चढाकडे टाकायची. मी एकदा सात-आठ पावलांवरून घातली. छन्न. डोंगरात तो आवाज फार छान लागतो हो, दुकानासमोर तसा लागत नाही.

चाक_आणि_काठ | सोमवार, ८:५०

काका, ऊन चढलं की उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा हलकी होऊन धारेकडे सरकते. म्हणून सकाळी नऊ-साडेनऊला खालून वारा. तुम्ही दरीकडे फेकता तेव्हा तो समोरून येतो. समोरच्या वाऱ्यात चकतीला वेग जास्त असल्यासारखं वाटतं, ती वर उचलली जाते आणि उजवीकडे उलटते. अशा वेळी जास्त फेडवाली चकती घ्यायची आणि डावा काठ खाली झुकवून सोडायची, हायझर म्हणतात त्याला. वारा पाठीमागून असेल तर तो चकतीला खाली दाबतो, तेव्हा हलकी, तरंगणारी घ्या. की सरळ साडेसातला सुरू करून नऊला चहा घ्यायचा? बाबांनी तेच सुचवलं असावं.

हाडांची_काळजी | सोमवार, दुपारी ३:३०

फिजिओथेरपिस्ट आहे. काकांच्या घरच्या प्रश्नाला उत्तर: करावं, पण असं नाही.

फेकताना पुढचा पाय रोवून अंग त्याच्यावर फिरतं. सपाट सिमेंटवर बूट फिरतो, मुरमात खड्यात अडकतो, आणि मग फिरतो तो गुडघा. उतारावर धावत येऊन फेकू नका, उभ्यानेच फेका. टाच थोडी उचलून पाय फिरू द्या. खाली उतरताना नागमोडी उतरा, हातात काठी ठेवा. चकती खाली गेली की तिच्या मागे धावायचं नाही, ती पळून कुठे जाणार आहे.

रामबागची_चिमणी | सोमवार, ३:४५

काकांची तर पळूनच जाते, वृत्तांत वाचला नाहीत का!

स्पष्ट_सांगतो | सोमवार, रात्री ९:१५

टोपली शेळ्यांच्या वाटेवरून हलवली हे वाचलं. नोंद घेतली आहे.

पुढच्या रविवारी गाडीत जागा असेल तर येतो. खेळायला नाही. नाला कुठून फुटू शकतो ते बघायला. दोन-तीन ठिकाणी दगडांचे आडवे बांध घातलेत तर पाणीही थांबेल आणि तुमच्या चकत्याही.

माळवी_म्हातारा | सोमवार, ९:४०

स्पष्ट_सांगतो, जागा आहे. भंवरकुआँ चौकात सहा वाजता, पांढरी व्हॅन. बांधाचं डोक्यात आलंच नव्हतं, अगदी टोपलीच्या खाली दहा पावलांवर एक घालू.

लोहामंडीवाले, तिसरी टोपली झाली की सांगा. आणि चकत्यांना रंग कोणता द्यावा? पिवळी बाद. केशरी घ्यावी म्हणतो, लांबून दिसते.

पावागडी | सोमवार, १०:०५

केशरी आत्ता चालेल. फाल्गुनात खाली पळसाचा सडा पडला की शोधत बसाल. निळी घ्या, गवतात निळं काही नसतं.

लोहामंडीवाला | सोमवार, १०:२०

तिसरी बुधवारी. निळ्या रंगाचा डबा दुकानात आहे, पण प्लास्टिकवर धरणार नाही, टोपलीच्या पट्टीला लावतो. चकत्यांना निळी टेप चिकटवा, मधोमध, वजन एका बाजूला जायला नको. भिया, पोहे ह्या वेळी महूच्या पुढे उघडायचे, मी मागच्या सीटवर असतो.